हनुवटीखालची दोन बोटं

"विचारल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. ज्यानं ते उघडे पाहिलेत त्याला आधी विचारायचं. तसा कुणी उरलाच नसेल, तर ब्रश धुऊन ठेवायचा."

वसंतराव मला हे म्हणाले तेव्हा त्यांच्या गिरगावातल्या स्टुडिओत टचिंगच्या कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. त्या काळी घरात कुणी गेलं आणि त्याचा जिवंतपणीचा फोटोच नसला, की लोक शेवटचा फोटो काढून आमच्याकडे आणायचे. मिटलेले डोळे आम्ही ब्रशनं उघडून द्यायचो, म्हणजे भिंतीवर लावून हार घालता यायचा. मी एका दीड वर्षाच्या मुलाचे डोळे असेच उघडले. टपोरे, चमकदार, माझ्या मनाचे. त्याच्या आईनं तसबीर हातात घेतली आणि म्हणाली, "हा माझा नाही. माझा असा बघायचा नाही." तसबीर काउंटरवर पालथी ठेवून ती निघून गेली. वसंतराव रागावले नाहीत. एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

आता वसंतराव नाहीत, स्टुडिओही नाही. त्यांचा नातू नील दादरला हिंदमाताजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस चालवतो. परदेशातली लहान-मोठी म्युझियम्स जुन्या फोटोंचे स्कॅन पाठवतात आणि आम्ही कॉम्प्युटरवर त्यांवरचे डाग, ओरखडे, बुरशी काढून परत पाठवतो. ब्रश धरलेली आता मी एकटीच उरले आहे. बाकी सगळी विशी-पंचविशीतली, माझ्या शेजारी बसणाऱ्या नूपुरसारखी.

श्रावणात अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या प्रांतातल्या एका खेडेगावच्या म्युझियमचं काम आलं. काचेवरचे एकशे बारा फोटो, सव्वाशे वर्षांपूर्वीचे. मी भोईवाड्यात वाढलेली, शेत म्हणजे मला सुट्टीत मावशीकडे दिसायचं तेवढं. पण तसली जमीन मी कधी पाहिली नव्हती. पट्टीनं आखावं तसं क्षितिज, आणि सावलीला एक झाड नाही. लाकूडच नाही म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट जमिनीचे ठोकळे कापून घरं रचलेली. एका घराच्या छपरावर गाय चरत होती. एका कुटुंबानं फोटोसाठी घरातली बाजाची पेटी अंगणात आणून ठेवली होती, मागे नुसता माळ, आणि बायको पेटीवर हात ठेवून अशी उभी की बघा, आमच्याकडे हेही आहे! मला ती बाई फार आवडली.

पहिले दहा फोटो मी हातानं साफ केले. मग नीलनं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि राहिलेले नूपुरनं दोन दिवसांत त्यातून काढले.

"ताई, हे बाळ बघा ना, कसलं गोड आहे!" नूपुरनं मला हाक मारली.

सत्तेचाळीस नंबरचा फोटो. घरासमोर खुर्चीत बसलेली आई, मांडीवर पांढऱ्या झबल्यातलं बाळ, शेजारी बाप आणि दोन वेण्या घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी. बाळ थेट आपल्याकडे बघत होतं.

"मूळ स्कॅन उघड गं," मी म्हटलं.

मूळ फोटोत बाळाचे डोळे मिटलेले होते.

"झोपलं होतं, सॉफ्टवेअरनं उठवलं," नूपुर हसली.

मी खुर्ची ओढून बसले. फोटो काढला तेव्हा वारा असणार. आईचा एप्रन उडून पुसट झाला होता, मुलीच्या वेण्या पुसट, कुत्रा हलल्यामुळे त्याला दोन तोंडं आलेली. बाळ तेवढं स्वच्छ, झबल्याची लेससुद्धा मोजता येईल असं. बाकी झाडून सगळ्या फोटोंत पुरुषांच्या डोक्यावर हॅट होती. या बापानं ती काढून छातीशी धरली होती. बाळाच्या मुठीत बारीक फुलांची डहाळी होती, ती सॉफ्टवेअरनं डाग समजून पुसून टाकली होती. आणि आईचा उजवा हात बाळाच्या गळ्यापाशी होता. हनुवटीखाली दोन बोटं टेकवून तिनं ते डोकं सावरलं होतं.

ती दोन बोटं मी गिरगावात किती फोटोंत पाहिली असतील. झोपलेल्या बाळाची मान कुणी असं धरत नाही.

"नूपुर, हे बाळ गेलेलं आहे."

नूपुरचं हसू तिथंच राहिलं. तिनं पडद्यावरचे ते उघडे डोळे पाहिले आणि माउस हातातून सोडला. "ई... ताई, हे मी केलं?"

"तू नाही केलंस. पण आता आपल्याला कळलंय."

मी नीलच्या केबिनमध्ये गेले. तो फोटो त्यानं आदल्या दिवशीच नमुना म्हणून पाठवला होता. त्यानं ऐकून घेतलं, मग फोन माझ्यापुढे धरला. त्या म्युझियमच्या बाई, लोईस त्यांचं नाव, एक्क्याऐंशी वर्षांच्या, त्यांचा ईमेल होता. फोटो त्यांच्याच घराण्याचा निघाला. वेण्यांवाली मुलगी म्हणजे त्यांची आजी. मांडीवरचं बाळ म्हणजे आजीची धाकटी बहीण, असं त्यांनी लिहिलं होतं. डोळे इतके जिवंत आलेत की पाहून रडू आलं, पुढच्या महिन्यात सगळं कुटुंब जमणार आहे, तेव्हा हा फोटो मोठा करून दारात लावणार.

"आणि ती धाकटी बहीण नव्वद वर्षं जगली," नील म्हणाला. "वाचा खाली. मेलेलं बाळ नव्वद वर्षं जगलं का, ताई?"

"मग हे बाळ ते नव्हे. दुसरं कुणीतरी असेल."

"असेल! म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही."

"मला एवढंच माहीत आहे की हे डोळे कुणी पाहिलेले नाहीत. आपण आपल्या मनचे लावलेत. दुसऱ्याच्या पोरावर."

नील खुर्चीत मागे रेलला. "कमाल करता. आजोबा काय करायचे? आयुष्यभर मेलेल्यांचे डोळे उघडले त्यांनी. मी लहानपणी काउंटरखाली बसून बघितलंय. त्यांनी केलं की कला, आणि मशीननं केलं की पाप?"

खरं सांगते, प्रश्न नेमका होता. मुलगा हुशार आहे, आजोबांवर गेलाय.

"ते विचारायचे," मी म्हटलं. "डोळे घारे की काळे, बघताना मान कशी करायचा, एवढं आईकडून ऐकल्याशिवाय ब्रश ओला करायचे नाहीत. तुझ्या मशीननं कुणाला विचारलं?"

"सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बाईला कुठून विचारणार?"

"म्हणून तर उघडायचे नाहीत."

"ताई, क्लायंट रडली. आनंदानं. तुम्ही तिला काय सांगणार, आजी, ते बाळ वारलंय, हॅपी फॅमिली फंक्शन? हे काम गेलं ना, तर पुढच्या महिन्यात या ऑफिसात तुमची खुर्ची असेल की नाही, मला नाही सांगता येणार."

"खुर्ची काढलीस तर उभी राहीन," मी म्हटलं. आवाज चढवायची मला सवय नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, मी त्यांचं ऐकलं.

संध्याकाळी साडेसातला त्यांचा कॉल ठरला होता. चातुर्मासात माझं एक व्रत असतं: दिवेलागणीपासून जेवेपर्यंत मौन. एकवीस वर्षांत ते मोडलेलं नव्हतं. उशिरा थांबावं लागलं तर मी चिठ्ठीवर लिहून सांगते, नूपुर त्याला 'ताईंचा व्हॉट्सॲप' म्हणते. नीललाही हे पक्कं ठाऊक. म्हणून तर त्यानं मला हसून सांगितलं, "बसा की तुम्ही पण कॉलला. आम्ही काही लपवत नाही."

मी बसले. नूपुरही होती. तिकडे सकाळ होती. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या लोईसबाई दिसल्या, मागे शाळेसारखी खोली, खिडकीबाहेर तोच माळ. नीलनं इकडचं तिकडचं बोलून मुद्दा काढला: सत्तेचाळीस नंबर फायनल धरूया ना? मी चिठ्ठी लिहून त्याच्यासमोर सरकवली. 'मूळ फोटो दाखव.' त्यानं तिच्यावर कोपर ठेवलं.

"हो, फायनलच," लोईसबाई म्हणाल्या. "खाली मावशीआजीचं नाव घालतेय."

नाव घातलं की झालं. त्या अनोळखी बाळाचा जगात असलेला एकुलता एक फोटो दुसरीच्या नावावर कायमचा चढणार होता. माझ्या जिभेवर एकवीस वर्षं होती. आणि समोर ती दोन बोटं.

"मॅडम," मी म्हटलं, "नाव घालू नका."

नीलची मान गर्रकन वळली. नूपुरनं तोंडावर हात ठेवला. व्रत मोडलं, त्याचं काय ते मी आणि देव बघून घेऊ.

माझं इंग्रजी ऑफिसच्या कामापुरतं. त्यातच मी सांगितलं. बाळाचे डोळे मिटलेले होते, ते मशीननं उघडले. हातात फुलं होती, ती मशीननं पुसली. आमच्याकडेही आया अशा दोन बोटांनी हनुवटी धरतात, आणि ती कधी धरतात ते मला माहीत आहे. तुमच्या घरात आणखी एखादं बाळ झालं होतं का?

नील पुटपुटला, "संपलं." मग लोईसबाई उठल्या आणि पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची राहिली. आम्ही तिघं त्या खुर्चीकडे बघत होतो.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जाडजूड जुनं बायबल होतं. त्यांच्याकडे घरातले जन्म-मृत्यू त्याच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायची पद्धत. त्यांनी बोट फिरवत वाचलं. आजी. मग एक मुलगा, हेन्री. त्याच्यापुढे दोन तारखा, मध्ये एकोणीस दिवस. मग धाकटी बहीण, पुढच्या वर्षीची.

"आजी कधीकधी म्हणायची, मला भाऊ होता," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, म्हातारपणी काहीतरी बरळते." त्यांनी हेन्रीच्या नावावर बोट टेकवलं. "मी त्याला पुसून टाकणार होते."

"तुम्ही नाही. आम्ही," मी म्हटलं.

"मला तो होता तसा द्या. फुलांसकट." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि बाकीचे फोटो? त्यांत काय काय बदललंय? तुम्ही पाहिलेत?"

नील काहीतरी क्वालिटी चेकचं बोलायला लागला. त्याचं पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "नाही पाहिले. पाहीन. एकशे दोनही, मूळ फोटो शेजारी ठेवून, एकेक चेहरा. तुमची माणसं जमायच्या आत. हा माझा शब्द."

कॉल संपला. नूपुर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. नीलनं लॅपटॉप मिटला.

"एकशे दोन," तो म्हणाला. "कोण बघणार? मी माणूस देणार नाही. चालू कामाच्या वेळात एक मिनिट पण नाही."

"रविवारी बघेन."

"रविवारी ऑफिस बंद असतं. एसी नाही, लिफ्ट नाही, काही नाही."

"जिना आहे. खिडकी आहे."

"तुम्ही ना, ताई..." त्यानं लॅपटॉप बाजूला सारला. "त्या म्हातारीनं उद्या दुसऱ्याला काम दिलं तर?"

"तरी बघेन. शब्द तिला दिलाय, तिच्या बिलाला नाही."

तो जरासा हसला की चिडला, कळलं नाही. ड्रॉवर उघडून त्यानं किल्ली काढली आणि टेबलावर, माझ्या हाताला लागेल अशी ठेवली. माझ्याकडे न बघता तो जिना उतरून गेला.

रविवारी पूजा आटोपून मी साबुदाण्याचा डबा भरला, भिंग पदराला पुसून पिशवीत टाकलं. घरातली मंडळी अजून झोपलेली होती. दार हळूच ओढून घेतलं. खाली भोईवाडा कोर्टासमोरचा रस्ता सुट्टीचा, मोकळा होता. मी हिंदमाताच्या दिशेनं चालू लागले.