अव्वाचं बोट आणि दोन फोन

असं समजा, की तुम्ही आत्ता सोलापुरात नवी पेठेत उभे आहात. जून उजाडला तरी ऊन हटलेलं नाही, दुपारचे चार वाजलेत, आणि तुमच्या दोन्ही हातांत एकेक फोन आहे. उजव्या हातातला निळा, पातळ, पाठीवर तीन कॅमेरे. डाव्या हातातला काळा, जाडसर, जरा जडच. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखी. घ्यायचा मात्र एकच, आणि सहाच्या आत घरी पोचायचंय. कोणता घ्याल?

लगेच उत्तर देऊ नका. अक्षतानं आठ दिवस लगेच लगेच उत्तरं दिली आणि रोज बदलली.

अक्षता अकरा वर्षांची. तिची आई राजेश्वरी घरी कडक भाकरी करून विकायची. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजत भाजत पार पापडासारखी करायची, म्हणजे ती महिनाभर टिकते. आईला ती अव्वा म्हणायची. वडील ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. अव्वाचा जुना बटणांचा फोन गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला होता, आणि गिऱ्हाइकं आता ऑर्डर, पत्ता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची. म्हणून नवा, मोठ्या पडद्याचा फोन.

पण अक्षताला घाई होती ती दुसऱ्याच कारणानं. परवा ती अक्कलकोटकडच्या निवासी शाळेत जाणार होती. तिथं मुलांना फोन ठेवता येत नाही. रविवारी ऑफिसच्या फोनवरून एकदा घरी बोलायला मिळतं. नंबर लावायचा, पलीकडून उचलला तर पाच मिनिटं. नाही उचलला, तर पुढच्या मुलाची पाळी. ही गोष्ट शाळेच्या बाईंनी अगदी हसत सांगितली होती आणि तेव्हापासून अक्षताला धड झोप नव्हती.

फोन निवडायचं काम अव्वानं तिच्यावरच सोपवलं होतं. तिनं शेजाऱ्यांच्या फोनवर अकरा व्हिडिओ बघितले, वहीत बॅटरी आणि कॅमेऱ्याचे आकडे उतरवले, पुन्हा खोडले. अव्वाच्या जोडीला भाकऱ्या थापणाऱ्या ईरम्मानं तर तिला टोमणा मारला होता, "नवरा बघताना तुझ्या अव्वानं एवढी चौकशी केली न्हवती की."

आज तिसरं दुकान. पहिल्या दोन दुकानांतून अक्षताच अर्ध्यावर उठून आली होती; एकात रंग नव्हता, दुसऱ्यात तिचं मन बदललं. इथले दुकानदार गुरुशांतअण्णा अव्वाच्या ओळखीचे. त्यांनी दोन्ही फोन काउंटरवर मांडले आणि पंख्याचं तोंड मायलेकींकडे वळवलं. अक्षता उंच स्टुलावर बसली खरी, पण तिचे पाय खाली सारखे हलत होते. तिनं निळ्या फोनवर बोट ठेवलं. स्क्रीन उघडली. फोटो काढला, मोठा केला, पुसला. मग काळा घेतला. मग परत निळा. भाकरीचे फोटो निळ्यात छान येतील, गिऱ्हाइकं वाढतील, असं तिनं अव्वाला पटवून दिलं. अव्वा मान डोलवत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, कारण तवा ईरम्माच्या भरवशावर ठेवून ती आली होती.

निळाच, असं अक्षता शेवटी म्हणाली. गुरुशांतअण्णांनी बिलाचं पुस्तक पुढे ओढलं. अक्षताला हलकं वाटायला हवं होतं, पण पाय थांबेनात. काहीतरी राहिलंय असं तिला वाटत होतं आणि ते काय, हे सापडत नव्हतं.

अण्णा म्हणाले की लॉक लावून देतो, अक्का, बोट ठेवा. अव्वानं पदराला हात पुसले आणि निळ्या फोनवर अंगठा ठेवला. फोननं घेतला नाही. पुन्हा ठेवला. मग मधलं बोट, मग दुसरा हात. अण्णांनी काच पुसली, अव्वानं बोटावर फुंकर मारली. काही नाही.

"असू दे," अव्वा म्हणाली. "मला कुटं कुलूप लागतंय? नुसता फोन उचलता आला की झालं."

मग अण्णांनी तिचं सिम निळ्यात घातलं आणि आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला. निळा वाजू लागला. हिरवं चिन्ह वर सरकवायचं होतं. अव्वानं बोट सरकवलं. चिन्ह जागचं हललं नाही. तिनं जोरात दाबून सरकवलं. चिन्ह थोडं वर गेलं आणि सटकून खाली आलं. फोन वाजून वाजून बंद पडला. तोवर अक्षताचा हात सवयीनं पुढे आलाच होता, आपणच उचलायला.

तो हात तिनं मध्येच थांबवला आणि अव्वाची बोटं धरून बघितली. तापल्या तव्यावर भाकरी हातानंच उलटायची, वीस वर्षं. बोटांची टोकं कडक झाली होती, सुकलेली, गुळगुळीत, एक रेघ दिसत नव्हती. ही बोटं अक्षतानं जन्मापासून बघितली होती. पण आठ दिवस फोन बघितले ते सगळे स्वतःच्या बोटांनी. आणि अव्वानं दुसऱ्या कुणाच्या फोनला कधी हातच लावला नव्हता, पिठाचे डाग पडतील म्हणून.

"साकु, अक्षू," अव्वा म्हणाली. साकु म्हणजे पुरे. तिचा चेहरा ओशाळला होता. "घे तू निळाच. माझं मी शिकते. ईरम्माचा पोरगा हाय की उचलून द्यायला."

"तो रविवारी घरी नसतो," अक्षता म्हणाली.

तिनं अण्णांना विचारलं, अशा बोटांना चालेल असा फोन कोणता. अण्णांनी डोकं खाजवलं. आजवर गिऱ्हाइकानं कॅमेरा विचारला, गेम विचारले, बोट कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी काळा फोन उचलला, सेटिंगमध्ये बरंच खाली गेले आणि एक बटण चालू केलं. त्यानं स्क्रीनला हलका स्पर्शही जास्त कळतो, असं ते म्हणाले. "थंडीच्या मुलखातल्या लोकांसाठी ठेवलंय हे. हातमोजे घालून फोन वापरतात ते."

"सोलापुरात हातमोजे?" अव्वाला हसू आलं. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

निळ्यात ते बटण नव्हतं. अक्षतानं दोनदा सगळं सेटिंग शोधलं, तिसऱ्यांदाही शोधलं. मग निळा फोन तिनं स्वतःच खोक्यात ठेवला. कॅमेऱ्याच्या तीन भिंगांकडे एकदा बघितलं आणि झाकण लावलं.

सिम काळ्या फोनमध्ये गेलं. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. अव्वा म्हणाली की आता बिल करा, निघू, भाकऱ्या करपतील. अण्णांनी बिल करायला घेतलं. अक्षता मात्र स्टुलावरून उतरली, अण्णांचा फोन मागून घेतला आणि बाहेर पडली. दोन रिक्षांमधून वाट काढून ती पलीकडे गेली आणि एका बंद शटरच्या पायरीवर उभी राहिली. इथून अव्वा दिसत नव्हती. अव्वाला ती दिसत नव्हती.

तिनं नंबर लावला. रिंग गेली. एक, दोन, सहा, नऊ. उचलला नाही, बंद झाला. पलीकडे धावत जावं असं पायांना वाटत होतं. ती गेली नाही. तिनं पुन्हा लावला. एक, दोन, तीन, चार.

"हॅलो?" अव्वाचा आवाज आला, जरा मोठाच. "कोण बोलतंय? अक्षू, तू हाईस व्हय?"

अक्षतानं फोन कापला, आणि तिसऱ्यांदा लावला.