यादी दहावर थांबली

“मॅडम, तुमीच सांगा हिला. पुन्याला आपलं कोन हाय?”

भेंडा गावचे कल्याणराव मुलीच्या प्रवेशासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला आले होते. नेवाशाच्या कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझा लॅपटॉप आणि प्रिंटर असतो. बावीस वर्षं मी इथं टाइप करते. गेली चार वर्षं निम्म्या टेबलावर माझ्या लेकीची, पूजाची पाटी आहे, ॲडव्होकेट म्हणून. कल्याणराव विचारत होते ते तिलाच. त्यांची लेक संस्कृती बापाच्या मागे मान खाली घालून उभी होती. तिला पुण्याच्या लॉ कॉलेजात जागा मिळाली होती आणि बापाला ती नगरला हवी होती.

“नगरला काय वाईट हाय? एस्टीनं जाईल-येईल. पास झाली की इथंच वकिली. बांधाच्या भांडणांना काय तोटा हाय का आपल्याकडं?”

पूजा हसली. “खरंय काका. मीपण नगरलाच शिकले. इथं ओळखीवर काम मिळतं, पुण्यात कोण विचारतंय? माझंही पुण्याचं चाललं होतं. प्रतीक्षा यादीत अकरावी होते, यादी दहावर थांबली. बरंच झालं.”

माझी बोटं थांबली. त्यातला शब्द न् शब्द माझा होता. नऊ वर्षं मी तो पाहुण्यांना ऐकवला, शेजारणींना ऐकवला, आणि आता पोरगी तो स्वतःचा म्हणून दुसऱ्याच्या लेकीला देत होती.

यादी दहावर थांबली नव्हती. तेव्हा पूजाकडे मोबाईल नव्हता, अर्जावर माझा नंबर होता. नगरला प्रवेश घेऊन चार दिवस झाले होते, वर्ग सुरू व्हायचे होते. मी इथंच टाइप करत बसले होते आणि पुण्याहून एका बाईंचा फोन आला. एक जागा रिकामी झाली आहे, कागद मागाहून आणले तरी चालतील, पण मुलगी आज पाचच्या आत हजर पाहिजे. मी म्हणाले, तिनं नगरला घेतलंय, ती येणार नाही. बाईंनी विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, नक्की. अर्ध्या मिनिटात सगळं आटोपलं.

स्वतःची समजूत घालायला कारणं भरपूर होती. इथले सगळे वकील माझ्याकडून टाइप करून घेतात, पास होताच कुणीही तिला हाताखाली घेईल. पुण्यात ती कुणाच्या दारात उभी राहणार? हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडायची मला भीती वाटत होती.

झालंही मी म्हटलं तसंच. राधाकृष्ण वकिलांनी तिला हाताखाली घेतलं. कॉलेजात वादविवादात बक्षिसं आणणारी माझी पोरगी कोर्टात दिवसाला दोन मिनिटं उभी राहते आणि म्हणते, “वकीलसाहेब बाहेर आहेत, तारीख मिळावी.” बाकी वेळ ती रेशनकार्डाची प्रतिज्ञापत्रं तपासते. तिची कधी तक्रार नसते, आणि तेच मला सहन होत नाही.

“ऐकलं का, मॅडम काय म्हनत्यात?” कल्याणराव लेकीला म्हणाले. संस्कृतीनं हातातल्या पुण्याच्या पत्राची घडी घातली आणि ते पिशवीत टाकलं. “मावशी, कॉलेजचं नाव नगरचं घाला.”

मी घातलं नाही.

“पूजा, यादी थांबली नव्हती,” मी म्हणाले. “फोन आल्ता. मीच न्हाई म्हनले.”

“कसला फोन?”

मी सगळं सांगितलं. नऊ वर्षं घरात दोघीच असताना जे जमलं नाही, ते परक्या माणसांसमोर जमलं. कल्याणराव चपलेकडे बघत राहिले. पूजानं पेनाला टोपण लावलं.

“काका,” ती म्हणाली, “हिला पुण्याला जाऊ द्या.”

“पन आत्ताच तर तुमी…”

“आत्ता म्हणाले खरी. पण आता हे सांगतेय. जाऊ द्या तिला.”

कल्याणरावांनी लेकीकडे पाहिलं. तिनं पत्र पिशवीतून पुन्हा बाहेर काढलं होतं. मग ते म्हणाले, “हॉस्टेलचं बघावं लागंल. पुन्याचंच घाला, मावशी.”

मी टाइप केलं. सह्या झाल्या, बापलेक गेले. पूजानं गळ्याचा बँड सारखा केला, फाईल काखेत धरली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “फोन किती वाजता आला होता?”

“साडेअकराला.”

“फाट्यावरून बाराची पुण्याची गाडी होती ना तेव्हा?”

“हुती.”

“चार तास लागतात,” ती म्हणाली.

आतून पुकारा झाला. ती गेली नाही. शिपायानं दुसऱ्यांदा नाव घेतलं तरी ती तिथंच उभी होती. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“पोचली असतीस,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आत गेली.