बापाच्या हातचं येसर

"बाजरी अजून जरा भाज गं. रण्याला खमंग लागतंय."

रणधीर लातूरला शिकायला गेला, त्या वर्षापासूनचा हा आवाज. ईट गावातल्या घरात आमटीचं येसर कांडायला त्याचा बाप महारुद्र स्वतः उखळापाशी बसायचा. बाजरी, डाळ, धने, खोबरं सत्यभामेनं भाजायचं, मुसळ त्यानं धरायचं. आळीतल्या बाया हसायच्या, "आबा, आता लुगडं बी नेसा की!"

"नेसतो. पर माझं पोरगं आमटी भुरकून खाऊ द्या."

यंदाच्या आषाढात तो आवाज कायमचा बंद झाला. पाऊस नव्हता. उडीद रानात पिवळा पडला होता. बाबा शेवटी काही बोलले का, असं रणधीरनं दहाव्याला विचारलं. "न्हाय रं, झोपंतच गेले," एवढंच सत्यभामा म्हणाली.

आता दिवाळी. माणूस गेलेल्या घरी वर्षभर तळणाची कढई चढत नाही. फराळ भावकीनं आणायचा, आणि पहिला घास पोटच्या पोरानं आईला भरवायचा. जावेनं, इंद्रानं, करंज्यांचं ताट कधीच आणून ठेवलं होतं. सत्यभामा मात्र उपाशी, एष्टीच्या वाटेकडं तोंड करून ओसरीवर.

दुपारी रणधीरच्या पुण्याच्या घरून खोकं आलं. रणधीर आला नाही, सून राजनंदिनीही नाही. आला तो त्याचा फोन. इंद्रानं स्पीकर लावला.

"आई, मिळालं का? तुर्कस्तानला गेलो होतो ना आम्ही, तिथले मसाले आहेत. मिठाई पण आहे. सुट्टी सगळी तिकडंच संपली गं."

इंद्रा एकेक डबी काढत होती. "आरं, ह्या गुलाबाच्या कळ्या देवाला वहायच्या का भाकरीसंगं खायच्या?"

"काकू, चहात टाकतात."

"आन् ही तांबडी भुकटी?"

"आंबट असते. काकडी-कांद्यावर टाकायची."

"तुर्काच्या देशात चिचंची झाडं न्हाईत व्हय रं?"

रणधीर हसला. "बरं काकू, त्या मिठाईतला पहिला घास आईला तेवढा तुम्हीच भरवा."

इंद्राचं हसू विझलं. तिनं पिठी लावलेली वडी उचलली. सत्यभामेनं तोंड फिरवलं आणि खोक्यात हात घातला. तळाशी काहीतरी मऊ लागलं. तिनं वर काढलं.

धोतराच्या फडक्यात शिवलेली पुडी. दाभणानं घातलेले मोठाले, वाकडे टाके. गेल्या दिवाळीला महारुद्रनं कांडून रणधीरला दिलेलं येसर. एकही टाका उसवलेला नव्हता.

"अगं बया," इंद्रा पुटपुटली, "हे तर आपलंच."

"अरे, ते चुकून आलं असेल," रणधीर गडबडला. "राजनंदिनीनं कपाटातलं सगळं भरलं वाटतं. आई? आई, बोल की."

सत्यभामेनं पुडी नाकाशी धरली. भाजल्या बाजरीचा वास अजून होता. डोळे कोरडेच राहिले.

"रणधीर, तुझा बाप झोपंत न्हाय गेला. जागा हुता. पोरानं येसर खाल्लं का, एवढंच इचारत हुता. म्या म्हनलं, खाल्लं, लई आवडलं, आनखी मागतोय. तुझ्या नावानं मरत्या मानसाशी खोटं बोलले रं म्या. ते ऐकून हसला, आन् मंग गेला."