खुरप्याची कावीळ

घमेल्यातलं पाणी पिवळंधमक झालं आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे जमलेल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

"बघा, विष उतरतंय!" महाराज गरजले. "जमतं का हे दवाखान्यात? आता सुई टोचायची नाही. टोचली, की उतरलेली कावीळ उलटी चढते!"

महाराज मोठे हुशार. सुईवाले आले की आपलं दुकान बसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ज्याचे हात वाटीतला रस चोळून धुतले जात होते तो धड बसूही शकत नव्हता. पाठीला टेकू देऊन मनगटं धरली होती त्याच्या बायकोने. चार जावांत शेवटची, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. भातलावणीसाठी दोघं परमुलखात आली होती. त्याचे डोळे पिवळे झालेले, पोटऱ्यांवर पांघरूणही सोसवत नव्हतं आणि कालपासून लघवी बंद. दवाखाना तिने आधीच केला होता. "यांना पाणी लागलंय," असं तिथे सांगितलं, तर रांगेला वैतागलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता पोटाच्या गोळ्या दिल्या, पाणी उकळून प्या म्हणाल्या. पोट तर ठणठणीत होतं! मग बिचारी महाराजांकडे वळली.

हात धुऊन झाल्यावर तिने त्या रसाने चिकट झालेले आपले हात महाराजांनी भरून ठेवलेल्या दुसऱ्या घमेल्यात बुडवले. तेही पाणी पिवळं झालं.

"अगं बाई! मला कुठं कावीळ आहे?"

"नवऱ्याची बायकोला लागते," महाराज गडबडीने म्हणाले. "तुझीही उतरवू."

गर्दीत मागे त्याच डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. शेजारच्या मळ्यातले दोन मजूर असेच पिवळे होऊन गेले, म्हणून आज त्या स्वतः आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. भिंतीला टेकवलेलं धाकटीच्या नवऱ्याचं खुरपं उचललं, महाराजांच्या वाटीतला रस त्याच्या मुठीला चोळला आणि तिसऱ्या घमेल्यात बुडवलं. पाणी पिवळं!

"ह्यालाही लागली का हो? ह्याचं लग्न कधी लावलंत?"

लोक खो खो हसले, पण पिवळ्या माणसाकडे नजर जाताच गप्प झाले.

"रस झाडाच्या सालीचा आणि हे पाणी म्हणजे चुन्याची निवळी," बाई म्हणाल्या. "दोन्ही एकत्र आली की पिवळा रंग येतो. रोग आहे तिथंच आहे." महाराज वाटी उचलून केव्हा सटकले, कळलंही नाही.

बाई धाकटीशेजारी जमिनीवर बसल्या. "पाणी लागलंय म्हणाला होतात. कुठं लागलं?"

"कुठं म्हणजे? पायांना!" तिने पावलांवर टाकलेलं फडकं सारलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना भेगा, मांस पांढरंफटक पडलेलं. बाईंनी वाकून भेगा निरखल्या.

"शेतात उंदीर असतात ना?" त्या म्हणाल्या. "त्यांचं मूत पाण्यात उतरतं आणि त्यातला रोग भेगांतून अंगात शिरतो. मी त्या दिवशी नुसतं विचारलं असतं, तरी हे दिसलं असतं. चुकलं माझं. चला, गाडी उभी आहे."

"सुई टोचली आणि उलटी चढली तर?"

"चढायला ती उतरलीच कुठं आहे, ताई? तुम्ही जवळच बसा, हात सोडू नका त्यांचा."

तिने हात सोडला नाही. पण मूत्रपिंडं कधीच थकली होती. दवाखान्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. धाकटीला रडूही आलं नाही, नुसता संताप आला. महाराजांचा आला, बाईंचा आला आणि स्वतःचाही.

लावणी संपायला आली तेव्हा महाराज पलीकडच्या मळ्यात उगवले. तसंच घमेलं, तशीच गर्दी, समोर कुणाचा तरी पिवळा पडलेला भाऊ. धाकटी माणसांतून वाट काढत पुढे गेली आणि नवऱ्याचं खुरपं तिने महाराजांसमोर आपटलं.

"आधी ह्याची उतरवा!"

महाराजांनी वाटी मागे ओढली. ती लोकांकडे वळली. "रंग पाण्याला येतो रे, गुण माणसाला यावा लागतो. विचारत जा. महाराजांना विचारा, डॉक्टरांनाही विचारा. पायाचं दुखणं असेल तर पाय पुढं करून दाखवा, लाजू नका. मी विचारलं नाही." तिने त्या भावाच्या काखेत हात घातला. "धरा कुणीतरी दुसरीकडून. हा अजून जिवंत आहे."