साहेब येणार म्हणून

पोरीच्या उशाची भिंत ओली होती आणि त्या ओलीवर काळी बुरशी चढली होती. "भिंत कोरडी होईपर्यंत हिचा खोकला जायचा नाही," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरमालकाला सांगून सांगून पोरीच्या आईच्या तोंडाला फेस आला. तो दर वेळी 'बघू' म्हणायचा. बघायला मात्र एकदाही फिरकला नाही.

शेवटी ती वकीलबाईंकडे गेली. भाडं थांबवू का, म्हणून विचारलं.

"भलतंच! उलट तोच तुम्हाला बाहेर काढेल. आधी पालिकेत तक्रार करा. त्यांचा माणूस येऊन भिंत बघेल. तो खराब म्हणाला की मालकाला दुरुस्ती करावीच लागते. नाही केली तर तुम्ही करून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा. पण आधी पालिकेच्या माणसाने बघायला हवं."

तिने तक्रार केली. सासूबाईंना मात्र पत्ता लागू दिला नाही, कारण मालकाशी वाद म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. पालिकेचा माणूस यायचा त्या दिवशी तिला लॉन्ड्रीतून सुट्टी मिळेना. निघता निघता ती एवढंच म्हणाली, "आई, आज एक साहेब घर बघायला येतील. त्यांना आत घ्या."

साहेब येणार आणि घर हे असं? सासूबाईंनी कंबर कसली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा दारातच चुन्याचा वास आला. भिंत पांढरीशुभ्र. आधी ब्लीचने घासून, मग पंखा लावून वाळवून, वर चुन्याचे दोन हात मारले होते.

"साहेब खूश झाले हो," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाले, इतकं टापटीप घर क्वचित बघायला मिळतं."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. दिवसभर इस्त्री करून हात बधिर व्हायचे, तशी ती सगळीच झाली होती. तिने पालिकेत फोन लावला. तक्रार निकाली निघाली होती. भिंत पुन्हा खराब झाली की नवा अर्ज करा, कारकून म्हणाला.

मग तिने सासूबाईंना सगळं सांगितलं.

"अगं, आधी बोलली असतीस तर..."

"हो. चुकलंच माझं."

पोरीचं अंथरूण तिने दाराशी ओढलं. खोलीच एवढीशी, आणखी कुठे ओढणार? खोकला तिथेही होताच.

त्यानंतर रोज कामावरून आली की ती आधी भिंतीपाशी जायची. चुना हळूहळू पिवळा पडला, मग फुगला. एका संध्याकाळी खालच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला. तिने सासूबाईंना हाक मारली. दोघी वाकून बघत राहिल्या.

"आली गं," सासूबाई म्हणाल्या.

दाराशी पोरगी खोकत होती. सासूबाईंचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

"पुसू नका," ती म्हणाली. "अजून वाढू दे."