बॉयलर कोणत्या गटात?

कापडाच्या कारखान्यातल्या एकशे बारा कामांची गटवारी माझ्याकडे होती. प्रत्येकाने प्रश्नावली भरली होती: किती वेळ बसता, किती चालता, काय उचलता. उत्तरं जितकी सारखी, तितकी कामं जवळची. अशी जवळची कामं जोडत जोडत संगणकाने नऊ कुटुंबं केली. एका कुटुंबातला माणूस त्यातल्या कुठल्याही कामावर चालेल, असं साहेबांनी ठरवलं. यादी मीच दिली होती.

बुधवारी अकराला ताईचा फोन आला. "अगं, ह्यांना गेटवर उभं केलंय! बॉयलरवर म्हणे पहारेकरी बसलाय. काय चाललंय तुमच्याकडे?"

भावोजी बावीस वर्षं बॉयलरवर होते. मी गटांचा तक्ता उघडला. कुटुंब पाचवं: पहारेकरी, बॉयलरवाला. दोघंही बसून, दोघांचंही काम लक्ष ठेवणं, उचलणं शून्य. संगणकाचं काही चुकलं नव्हतं. 'चुकलं तर काय होईल?' हे मीच विचारलं नव्हतं.

मी दोन-दोन पायऱ्या उतरले. गेटवर भावोजींनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता बॉयलरकडे धावत सुटले. मीही मागे.

पहारेकरी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर भिंतीला पाठ लावून उभा होता. "काचेतलं पाणी दिसेनासं झालंय," तो कसाबसा म्हणाला.

"वरून पाणी सोडलंस?" भावोजींनी विचारलं.

"नाही. हात लावायचा धीरच होईना."

"वाचलो!" भावोजींनी आधी आग बंद केली. मग आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेर ढकललं. "कोरड्या तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं असतं, तर आपले तुकडेही सापडले नसते."

बॉयलर निवेपर्यंत तासभर आम्ही पटांगणात उभे होतो.

साहेब म्हणाले, "पण हे संगणकाने केलंय ना?"

"प्रश्न माझे होते," मी म्हटलं आणि यादी परत घेतली. नवा प्रश्न घातल्यावर बॉयलर सगळ्यांपासून वेगळा निघाला, एकटाच. भावोजी पुन्हा आपल्या जागी गेले.

आता मी एकेका कामाजवळ जाऊन बसते. काल रंगाच्या टाकीवाल्याकडे गेले. त्याला आम्ही घड्या घालणाऱ्यांत बसवलं होतं.

"चुकलं तर काय होतं?" मी विचारलं.

त्याने हसत बाही वर केली. कोपरापर्यंत कातडी भाजून आक्रसलेली होती.