डिकीची खिट्टी

गाडीला घर म्हणू नका, असं मी पहिल्यापासून ओरडत होते. चाकं असतात ती गाडी, न् जोतं असतं ते घर. पण या खारबावच्या घरात माझं ऐकतंय कोण?

मी गोदूबाई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून धाकट्या भावाकडं, रामनाथकडं राहते. त्याची बायको हौसा. माझी न् तिची रोज सकाळी चहाच्या आधी जुंपायची, न् रात्री दोघी एका ताटात जेवायचो. ती गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेली, न् परत आणली ती पांढऱ्या चादरीत. भांडायला माणूस उरलं न्हाय की घर खायला उठतं, हे मला या वयात कळलं.

ती गाडी रामनाथनं हौसासाठीच बांधून घेतलेली. शेतं गोडाऊनखाली गेली, हाताला काम न्हाय, मंग याच्या डोक्यात आलं की बायकोला घेऊन देश फिरायचा. भिवंडीत ट्रकच्या बॉड्या बांधतात, तिथल्या एका कारागिराकडून टेम्पोवर खोलीच चढवून घेतली. आत पलंग, ओटा, गॅस, मोरी. बाहेरच्या अंगाला, चाकांच्या मधे, सामानाच्या डिक्या. त्यांची दारं वरती उघडायची. गावातली पोरं तिला नटीची व्हॅन म्हणून चिडवायची, "हौसाकाकी, आज शूटिंग कुठं हाय?" ती काय कमी हाय! म्हणायची, "तुझ्या लग्नाचं हाय रे, आधी पोरगी तर मिळू दे."

तिनं त्या गाडीचं घर केलं. भटजी बोलावून वास्तुशांत केली, बोला! ओट्याच्या वर एकवीरा आईचा फोटो लावला, दिवा ठेवला. चपला बाहेर. एकदा बाहेरगावी गाडी धाब्यापाशी लावून रामनाथ न् त्यांचा मुलगा कुणाल कुणाच्या तरी मयतीला जाऊन आले न् सरळ गाडीत शिरायला लागले, तर बाई दारात आडवी. "आत चूल हाय, आई हाय. मयताचं पाऊल माझ्या घरात न्हाय पाहिजे." थंडी मरणाची, तरी दोघांना धाब्याच्या नळाखाली बसवलं, तेव्हा आत घेतलं. मी म्हटलं, "अगं हौसे, गाडी हाय ती." तर मला म्हणते, "वन्सं, जिथं मी भाकरी भाजते ते घर."

फक्त त्या डिक्यांनी तिला छळलं. पहिल्याच फेरीला, कल्याणला तिच्या बहिणीकडं जाताना, कोन गावात गाडी खड्ड्यात आदळली न् डिकीचं दार उडालं. आत सुकट न् बोंबील होते. बाईनं वासामुळं ते घरात न ठेवता बाहेर ठेवलेले. सगळे रस्त्यावर. कोनचे कुत्रे आमच्या गाडीमागं वरातीसारखे धावले, न् आम्हाला वाटलं आपल्या गाडीचा रुबाबच तसा हाय. कल्याणला जाऊन बघतो तर डिकी रिकामी न् दार गपचूप बंद. ते दार तसलंच. खड्ड्यात उडायचं, माल टाकायचं, न् आपलं आपण खाली पडून बसायचं. आरशात बघेपर्यंत काय दिसायचं न्हाय.

मंग कारागीर म्हणाला, नुसत्या हँडलच्या खटक्यावर भिवंडीच्या रस्त्यावर भरवसा ठेवू नका. ट्रकच्या मागच्या फळीला, फाळक्याला, असते तशी कडी बसवून दिली न् तिच्यात घालायला लोखंडी खिट्टी, साखळीला बांधलेली. खिट्टी आत गेली की दार हत्तीनं ओढलं तरी उघडायचं न्हाय. त्या दिवसापासून काय पडलं न्हाय. चमचासुद्धा न्हाय.

आता पुढचं सांगते. मला बोलवत न्हाय, तरी सांगते.

आमच्यात अस्थी घरात आणत न्हाईत. सावडून आणलं की मडक्याचं तोंड फडक्यानं बांधतात न् बाहेर झाडाला टांगतात. हौसाचं मडकं अंगणातल्या शेवग्याला होतं. न् माणूस गेलेल्या घराचं दार आम्ही दहावं होईस्तो आतून लावत न्हाय, नुसतं लोटून ठेवतो. त्याचा जीव येतो-जातो म्हणतात, त्याला अडवू नये. रामनाथ त्या लोटलेल्या दाराशी रात्रभर बसायचा, न् सकाळी शेवग्याखाली चहाचा कप ठेवायचा. मी एक शब्द बोलले न्हाय. मी! ज्या बाईनं याच्या लग्नात सुद्धा तोंड बंद ठेवलं न्हाय.

त्याला एकच लागून राहिलेलं. हौसाला तिच्या गाडीतून नाशकाला न्यायचं, न् आपल्या हातानं तिथल्या गंगेत, गोदावरीत सोडायचं. जित्तेपणी तिला नाशिक दाखवायचं राहून गेलं होतं. दर वेळी काहीतरी आडवं आलं, कधी कुणाची हळद, कधी कुणाचं बारसं. "आता तरी नेतो, बाय," मला म्हणाला. "एवढं एक झालं की मंग मला काय नको."

सकाळी निघायला उभे राहिलो न् पहिला वाद तिथंच. मडकं ठेवायचं कुठं?

"माझ्या मांडीवर दे," मी म्हटलं.

"आत न्हाय न्यायचं, बाय. आत चूल हाय, आई हाय."

"अरे, गाडी हाय ती! गाडीला कसलं सोवळं?"

"तिनंच ठरवलंय ना," तो म्हणाला. "मयत आत न्हाय. मी तिच्या माघारी तिचाच नियम मोडू? वर जाऊन मला काय म्हणंल ती?"

कुणाल म्हणाला, "पप्पा, आत्या बरोबर बोलते. आई हाय ती, सामान हाय का?" पण रामनाथ ऐकंल तर शप्पथ. बायको होती तेव्हा तिचं ऐकलं न्हाय, न् आता एकेक शब्द पाळायला निघालेला. त्यानं डाव्या बाजूची डिकी धुतली, उदबत्ती फिरवली, आत तिची गोधडी घडी करून घातली न् वर मडकं ठेवलं, लेकराला पाळण्यात ठेवावं तसं. मला न् कुणालला म्हणाला, "तुम्ही बसा पुढं. मी लावतो दार." आम्ही बसलो. नवराबायकोत एवढा निरोप तरी होऊ दे, असं मला वाटलं.

"डिकी नीट लागली ना, पप्पा?" कुणालनं विचारलं.

"लागली. चल."

निघालो. कुणाल चालवत होता, मधे मी, खिडकीशी रामनाथ. आता आमच्यात असंही हाय की अस्थी घेऊन जाताना पूल आला, वळण आलं, गाव आलं की गेलेल्याला हाक मारून सांगायचं. न्हायतर जीव वाट चुकतो, मागं राहतो. रामनाथ काच खाली करून डोकं बाहेर काढायचा न् डिकीकडं बघून म्हणायचा, "हौसे, खाडी आली गं. चल." "हौसे, भिवंडी आली. ट्रॅफिक हाय, जरा दम धर." हायवेला लागलो तेव्हा, "हौसे, आता मोठा रस्ता. आता सरळच जायचंय."

पडघ्याच्या अलीकडं रस्ता खणून ठेवलेला. गाडी अशी आदळली की माझं डोकं वर लागलं. मी कुणालला शिव्या घातल्या. थोडं पुढं गेल्यावर एक मोटारसायकलवाला आमच्या बाजूनं हॉर्न वाजवत, हात करत यायला लागला. कुणालला वाटलं, साइड मागतोय. "अरे निकल ना भाई आगे से!" तो ओरडला. मोटारसायकलवाला मागं राहिला न् मंग दिसला न्हाय.

"हौसे, पडघा आला. इथली भेंडी तुला आवडायची ना? येताना घेऊ."

शहापूर आलं, तिला सांगितलं. कसारा घाट लागला. हौसाला घाटात नेहमी मळमळायचं. रामनाथ काचेतून अर्धा बाहेर. "हौसे, घाट लागला गं. पोटात ढवळलं तर डोळे मिटून घे. मी हाय." कुणालच्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं, त्याला रस्ता दिसंना. मी पदर तोंडात कोंबला. इगतपुरीला थंड वारा लागला, तेव्हा म्हणाला, "गोधडी हाय ना खाली? ओढून घे." असं नाशिकपर्यंत. सगळ्या वाटेनं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं बोललेला मी त्याला कधी ऐकला न्हाय.

नदीपाशी गाडी लावली. भटजी येऊन उभे. रामनाथ उतरला, टोपी काढली, डिकीपाशी गेला. "आलो बघ," म्हणाला, न् दार वर केलं.

आत गोधडी होती. एका बाजूला घसरलेली. बाकी काय न्हाय.

त्यानं गोधडी उचलली, झटकली, डिकीत डोकं घालून कोपरे चाचपले. मंग दुसरी डिकी उघडली. मंग मागची. परत पहिली. भटजी म्हणाले, "काका, आत ठेवलंय का?" मी त्या दाराची कडी बघितली. साखळी तुटलेली न्हाय, कडी वाकलेली न्हाय. साखळी नुसती लोंबत होती, तिच्यात खिट्टी नव्हती.

"पप्पा, खिट्टी कुठं हाय?" कुणाल म्हणाला.

रामनाथनं शर्टाच्या खिशात हात घातला न् खिट्टी काढली. साखळीतून सोडवून घेतलेली.

"पप्पा, का? पप्पा, तुम्हाला माहीत हाय ना, हे दार..."

"घराचं दार आपण लोटूनच ठेवलं होतं ना," रामनाथ म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झालेला. "मी म्हटलं, तिचा जीव अजून येत-जात असंल. खिट्टी घालून तिला आत कोंडू कसं? खटका लावला होता रे. खटका लावला होता."

माझा राग ना, असा उफाळून आला होता. मला म्हणायचं होतं, अरे मूर्खा, अरे गाढवा, बोंबलांना खिट्टी घातलीस न् बायकोला घातली न्हाईस! पण त्याच्या तोंडाकडं बघितलं न् मी गोधडी उचलून तिची घडी घालायला लागले. त्यानं तिला बाहेर ठेवली ती तिच्या शब्दाखातर, न् दार मोकळं ठेवलं ते तिच्या जिवाखातर. कुणाला काय बोलू?

परत फिरलो. रामनाथ माझ्यावरून उजवीकडं वाकून, सकाळी गेलो तो पलीकडचा रस्ता डोळ्यांनी झाडत. जाताना घाटात तिला डोळे मिटून घे म्हणाला होता, ते मला आठवलं. कुणाला सांगत होता? कुणाला गोधडी ओढून घ्यायला सांगत होता?

पडघा ओलांडल्यावर, त्या खणलेल्या रस्त्याशी, पलीकडच्या कडेला एक बाई एकटीच बसलेली दिसली. पुढ्यात काकड्यांची पाटी. आमची गाडी बघितली न् ती उभी राहून दोन्ही हात हलवायला लागली. पुढून वळून आलो. डोंगरातल्या पाड्यावरची बाई, बायडी नाव तिचं. म्हणाली, "सकाळी तुमचंच दार उडालं. मी लय ओरडले. एका मोटारसायकलवाल्याला मागं धाडला तुमच्या, पर तुम्ही थांबलाच न्हाय."

तिनं रस्त्याच्या कडेला दगड लावून ठेवलेले, गोल. मधे मडक्याच्या खापऱ्या न् लाल फडकं. "हे एवढंच आलं हातात. ट्रक लागोपाठ होते. मी हात जोडून आडवी झाले, पर कोण थांबतंय?" ती म्हणाली. "कुणाचं माणूस हाय ते ठाव न्हाय. पर एकटं टाकून जाववंना, म्हणून बसले."

दिवसभर बसलेली ती. आमची हौसा, न् तिच्याजवळ कोण, तर एक अनोळखी बाई. मी तिचे पाय धरले. ती लाजून मागं सरली.

"नेमकं कुठं?" रामनाथनं विचारलं.

बायडीनं रस्त्याकडं बोट दाखवलं. कंटेनर, ट्रक, बस, धडधडत जात होते. तिथं काय असणार? डांबर, खडी न् गोडाऊनच्या गाड्यांची धूळ. रामनाथ सरळ रस्त्यात निघाला. कुणालनं मागून कंबर धरून ओढला, तेव्हा तो कडेला खाली बसला. ओंजळीत तिथली धूळ घेतली, बोटांनी चाळली, बघितली. सगळी सारखीच, करडी. तिच्यातली हौसा कुठली न् रस्ता कुठला, कुणाला सांगता येणार होतं? त्यानं ती खाली टाकली न्हाय. तशीच मुठीत धरून बसला.

कुणाल गाडीला टेकून हुंदके देत होता. मी रामनाथच्या शेजारी बसले, लहानपणी बसायचे तशी, खांद्याला खांदा लावून.

"बाय," तो म्हणाला.

"काय रे?"

"तिला लागलं असंल का गं?"

मी गोदूबाई. आख्ख्या खारबावात मला गप करणारा जन्माला आला न्हाय. पण तेव्हा एक ट्रक गेला, दुसरा गेला, न् मी त्याच्या मुठीवर माझा हात ठेवला.

"न्हाय रे, बाला," मी शेवटी म्हटलं. "तिला काय लागतंय? झोपलेली ती."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला पटलं न्हाय. मलाही न्हाय.